व्यायामाची चिठ्ठी: जुनाट आजाराच्या पेशंटला व्यायामवर्गाकडे कसं पाठवावं

"बाकी, जमेल तसं चालत जा." प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. बहुतेक वेळा पेशंट उठून दाराशी पोचलेला असायचा, पुढचा आत डोकावत असायचा आणि माझं लक्ष कागदात असायचं. पेशंट "हो डॉक्टर" म्हणायचा. तीन महिन्यांनी आला की शुगर तिथेच, बीपी तिथेच. चालणं? "नाही हो जमलं."

गोळी देताना आपण किती मिलिग्रॅम, दिवसातून कितीदा, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, हे सगळं लिहून देतो. व्यायाम मात्र "जमेल तसा". मग पेशंटनं तो औषध म्हणून घ्यावा कसा?

२०११ साली टाइप-२ मधुमेहावरच्या बऱ्याच चाचण्या एकत्र करून केलेला एक आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांना ठरलेला, आखलेला, कोणाच्या तरी देखरेखीखालचा व्यायाम मिळाला त्यांचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर टक्क्यांत सांगणारी रक्ततपासणी) सरासरी ०.६७नं उतरलं. आठवड्याला १५० मिनिटांपेक्षा जास्त व्यायाम झाला तिथे ०.८९नं. आणि ज्यांना आहाराच्या सल्ल्याशिवाय नुसता "व्यायाम करा" एवढाच सल्ला मिळाला, त्यांच्यात दखल घ्यावी असा फरक पडला नाही. माझं दाराशी म्हटलेलं ते वाक्य याच शेवटच्या गटातलं.

दुसऱ्या बाजूचे आकडेही पाहून ठेवा. डॉक्टरांनी व्यायामवर्गाकडे पाठवलेल्या पेशंटांचं पुढे काय होतं, याचा आढावा २०१२ साली निघाला. प्रत्यक्ष चालू असलेल्या योजनांमध्ये सुमारे ६६ टक्के पेशंट एकदा तरी वर्गाला गेले, आणि टिकण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं. म्हणजे चिठ्ठी लिहून काम संपत नाही. चिठ्ठी आणि वर्ग यांच्यामध्ये एक मोठी दरी आहे आणि बरेच पेशंट तिच्यात गळतात. पुढच्या बहुतेक पायऱ्या या दरीसाठीच आहेत. नव्यानं प्रॅक्टिस सुरू केलेल्या डॉक्टरांसाठी लिहितो आहे. फिजिओथेरपिस्ट आणि ट्रेनर यांनाही त्यातलं काही उपयोगी पडेल.

आधी स्वतः वर्ग बघून या

ज्या सर्जनचं काम आपल्याला माहीत नाही त्याच्याकडे आपण पेशंट पाठवत नाही. व्यायामवर्गाच्या बाबतीत मात्र भिंतीवरचा कागद वाचून पाठवतो. निदान एकदा, शक्यतो वर्ग चालू असताना, जाऊन बसा. तासभर पुरतो.

काय बघायचं? ट्रेनरचं शिक्षण काय आणि जुनाट आजार असलेल्या लोकांबरोबर त्यानं काम केलं आहे का. नवीन माणूस आला की तो आजारांबद्दल, औषधांबद्दल विचारतो का, की सरळ रांगेत उभं करतो. प्रत्येक व्यायामाचा सोपा पर्याय तयार असतो का: उभ्यानं न जमणाऱ्याला खुर्ची, जमिनीवर न बसू शकणाऱ्याला भिंत. एका ट्रेनरमागे माणसं किती. कोणी कोसळलं तर काय करायचं हे ठरलेलं आहे का, प्रथमोपचार येणारं कोणी हजर असतं का, एईडी (हृदय बंद पडल्यास शॉक देणारं) यंत्र आहे का आणि ते कुलुपात तर नाही ना.

आणि मग ज्या गोष्टी कुठल्याही फॉर्मवर नसतात त्या. जिना किती पायऱ्यांचा आहे? स्वच्छतागृह जवळ आहे का? पाणी कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या पेशंटला हा प्रश्न सगळ्यांत आधी पडतो, आणि लाजेनं तो विचारत नाही. संगीत इतकं मोठं आहे का की कमी ऐकू येणाऱ्याला सूचनाच कळणार नाहीत? आरशाच्या भिंतीसमोर पहिल्या दिवशी उभं राहणं एखाद्या वजनदार माणसाला किती जड जातं, हे मला एका पेशंटनं सांगेपर्यंत सुचलंच नव्हतं. तेव्हापासून मी आरसे बघून येतो.

दोन-तीन वर्ग असे स्वतः पाहिलेले असले की पुरे. लांबलचक यादी पेशंटच्या हातात देणं म्हणजे निवडीचं ओझं त्याच्यावर टाकणं.

कोणाला पाठवायचं

टाइप-२ मधुमेह, उच्च रक्तदाब, गुडघ्याची किंवा खुब्याची झीज, स्थिर असलेला हृदयविकार, सीओपीडी (धाप लावणारा फुप्फुसांचा जुनाट आजार), पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, हाडांचा ठिसूळपणा, नैराश्य, कॅन्सरच्या उपचारांनंतरचा काळ. यादी मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जुनाट आजार असलेल्या प्रौढांसाठी वेगळ्या शिफारशी आल्या आणि आकडे जवळपास निरोगी माणसाचेच निघाले: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम, आणि वयस्कांना तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. "आजारी आहात, विश्रांती घ्या" हा सल्ला बहुतेक जुनाट आजारांत आता टिकत नाही.

कॅन्सरबद्दल अजूनही शंका काढली जाते, म्हणून एक उदाहरण. कोलनच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेल्या ८८९ पेशंटांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला तीन वर्षं आखलेला व्यायाम आणि त्यासाठी माणसाची साथ मिळाली, दुसऱ्याला आरोग्याची छापील माहिती. पाच वर्षांनी आजार न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या गटात ८०.३ टक्के होतं, दुसऱ्यात ७३.९. छापील माहिती दोन्ही गटांना होती. फरक होता तो साथीचा आणि आखणीचा.

सगळ्यांनाच पाठवायची गरज नसते, हेही खरं. ब्रिटनमध्ये अशा योजना १९९०च्या दशकात झपाट्यानं पसरल्या. २०१४ साली उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना देणाऱ्या तिथल्या नाइस या संस्थेनं स्पष्ट सांगितलं की, ज्याला दुसरा काही आजार नाही, फक्त हालचाल कमी आहे, त्याच्यासाठी या योजनांवर पैसा घालू नका. त्याला थोडक्यात नीट सल्ला द्या. आजारी माणसासाठीही योजना हवी ती सवय बदलायला मदत करणारी आणि नोंदी ठेवणारी. मला हे पटतं. जो माणूस स्वतःहून रोज चालतो आहे त्याला वर्गाच्या वेळापत्रकात अडकवून आपण काय साधणार?

एक गट मात्र वेगळा ठेवायचा. अलीकडे हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास झालेले, किंवा सीओपीडी बळावून नुकतेच दवाखान्यातून घरी आलेले पेशंट. यांना आधी रुग्णालयाच्या देखरेखीखालचा पुनर्वसन कार्यक्रम हवा, जिथे नाडी, बीपी, ऑक्सिजन यांवर नजर असते. वस्तीतला व्यायामवर्ग ही त्यांची त्यानंतरची पायरी. पुनर्वसनाची रांग लांब आहे म्हणून थेट वर्गात पाठवून देण्याचा मोह होतो. टाळा. आणि एमई, म्हणजे दीर्घ थकव्याचा आजार असलेल्यांना नेहमीच्या "दर आठवड्याला थोडं वाढवत न्या" छापाच्या वर्गात पाठवू नका. श्रमानंतर त्यांची तब्येत दिवसेंदिवस ढासळू शकते, आणि २०२१ साली नाइसनं या आजारात असा ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेणारा व्यायाम देऊ नये असं सांगितलं.

दोन प्रश्न, एक गुणाकार

बीपी मोजतो तसंच हेही मोजायचं. आठवड्यातले किती दिवस तुम्ही भरभर चालण्याइतका व्यायाम करता? त्या दिवशी साधारण किती मिनिटं? दोन्हींचा गुणाकार करा आणि केसपेपरवर बीपीच्या शेजारी लिहा. अर्धं मिनिट जातं.

आकडा पेशंटसमोर लिहिला की त्याचं वजन वाढतं. पुढच्या भेटीत तुम्ही तोच आकडा विचारणार हे त्याला कळतं. शून्य आला तर चेहरा वाकडा करू नका. शून्यापासून साठपर्यंत जाणाऱ्याचा फायदा तुलनेनं सगळ्यांत मोठा असतो, हे त्याला सांगा.

पाठवण्याआधीची तपासणी

इथे नवखे डॉक्टर दोन टोकांना जातात. एक म्हणजे काहीच न बघता चिठ्ठी. दुसरं म्हणजे प्रत्येकाला आधी स्ट्रेस टेस्ट, म्हणजे श्रम करायला लावून हृदयाची तपासणी. दुसरं टोक सुरक्षित वाटतं, पण त्यानं पेशंट घाबरतो, तारखा पुढे जातात आणि व्यायाम राहून जातो. २०१५ साली अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिननं तपासणीची पद्धत बदलली, ती याच अनुभवातून. आता तीन गोष्टी बघायच्या: माणूस सध्या किती हालचाल करतो, त्याला हृदयाचा, मधुमेहाचा किंवा किडनीचा आजार किंवा त्याची लक्षणं आहेत का, आणि त्याला किती जोराचा व्यायाम करायचा आहे. हळू सुरू करणाऱ्या, लक्षणं नसलेल्या बहुतेकांना तुमची नेहमीची तपासणी पुरते.

पण पुढच्यांपैकी काही दिसलं तर चिठ्ठी थांबवायची:

- विश्रांतीतही छातीत दुखणं, किंवा अलीकडे वाढत चाललेलं दुखणं
- विश्रांतीतलं बीपी १८०/११० किंवा त्याहून जास्त
- श्रम करताना चक्कर येऊन पडणं, नव्यानं सुरू झालेली छातीतली धडधड
- लक्षणं देणारा महाधमनीच्या झडपेचा तीव्र अरुंदपणा
- ताप किंवा कुठलाही तीव्र संसर्ग
- शुगर २५०च्या वर आणि लघवीत किंवा रक्तात कीटोन (इन्शुलिन कमी पडून चरबी जळू लागल्याची खूण)
- हार्ट फेल्युअरच्या पेशंटचं दोन-तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलेलं वजन

यातली बरीचशी कारणं तात्पुरती आहेत. "तुम्हाला व्यायाम बंद" असं म्हणू नका. "हे आटोक्यात आलं की जायचं, दोन आठवड्यांनी पुन्हा बघू" असं म्हणा. पहिलं वाक्य पेशंट जन्मभर लक्षात ठेवतो. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी "जिने चढू नका" म्हटलं म्हणून त्यानंतर एकही जिना न चढलेले लोक मी पाहिले आहेत.

मधुमेहाच्या पेशंटचे बूट-मोजे काढून पाय बघा. संवेदना गेली असेल तर फोड आलेला कळत नाही. नीट बसणारे बूट आणि वर्गानंतर तळपाय बघण्याची सवय, एवढं सांगितलं तरी पुढचं बरंच टळतं. डोळ्यांची तपासणी किती जुनी आहे तेही विचारा. डोळ्याच्या पडद्यावर नवीन नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर जड वजनं, कुंथणं, डोकं खाली करण्याचे व्यायाम नेत्रतज्ज्ञांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत नकोत.

गोळ्यांची यादी पुन्हा वाचा

ट्रेनरला कितीही अनुभव असला तरी हे काम त्याचं नाही, तुमचं आहे.

बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती कमी ठेवणारं औषध) घेणाऱ्याची नाडी व्यायामात पुरेशी वर जात नाही. "२२० वजा वय" हे सूत्र त्याला लावलं तर ट्रेनर त्याला आणखी पळवत राहील. अशा पेशंटचा जोर श्रमाच्या जाणिवेवरून ठरवायचा. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची ६ ते २० आकड्यांची पट्टी त्यासाठीच वापरतात; मध्यम व्यायाम म्हणजे १२-१३. (सहापासूनच का? निरोगी तरुणाच्या नाडीशी ढोबळ मेळ बसावा म्हणून: ६ म्हणजे ६०, २० म्हणजे २००.) पेशंटला पट्टी समजावत बसायचं नसेल तर सोपी खूण सांगा: बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची शुगर व्यायामात खाली जाऊ शकते, आणि कधी कधी रात्री झोपेतही. वर्गाआधी मोजायला सांगा. ९०च्या खाली असेल तर आधी १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं. खिशात ग्लुकोज कायम. ज्या मांडीचा व्यायाम होणार तिथे लगेच आधी इन्शुलिन टोचू नये. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्याला एवढी धास्ती घालू नका, त्याला हा धोका फार कमी असतो.

बीपीच्या काही गोळ्यांवर असलेला माणूस व्यायाम एकदम थांबवून उभा राहिला तर बीपी खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी येते. शेवटची पाच-दहा मिनिटं हळूहळू उतरवणं त्याच्यासाठी सक्तीचं आहे, आणि नेमकी तीच मिनिटं चुकवून लोक घरी पळतात. दम्याच्या पेशंटला गरज असेल तर वर्गाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पंप, आणि पंप पिशवीत, गाडीत नाही.

दहा मिनिटांचं बोलणं

बहुतेक पेशंटना व्यायामाचे फायदे माहीत असतात. ते पुन्हा सांगितले की ते मान डोलावतात आणि संवाद तिथेच संपतो. त्याऐवजी विचारा: "आजारामुळे काय करता येईनासं झालंय, ज्याची चुटपुट लागते?" उत्तरं छोटी असतात. नातवाला उचलून घेणं. न थांबता दुसऱ्या मजल्यावर जाणं. जमिनीवर बसून पुन्हा उठणं. हेच उद्दिष्ट म्हणून लिहा. "एचबीए१सी ७च्या खाली" हे तुमचं उद्दिष्ट आहे, त्यासाठी कोणी सकाळी अंथरुणातून उठत नाही.

मग विचारा, "काय आडवं येईल असं वाटतं?" इथे भीती बाहेर येते, आणि ती ऐकून घेणं हेच खरं काम आहे. सीओपीडीच्या पेशंटला धाप म्हणजे मृत्यू वाटतो. त्याला समजावा की श्रमानं लागलेली धाप त्रासदायक असली तरी तिनं फुप्फुस बिघडत नाही. ओठ शीळ घालण्यासारखे करून हळू श्वास सोडायचा, थांबायचं, बसली की पुन्हा सुरू करायचं. गुडघेदुखीच्या पेशंटला वाटतं की हालचालीनं सांधा आणखी झिजेल. त्याला नियम द्या: दुखणं दहापैकी पाचपर्यंत गेलं तर चालेल, पण चोवीस तासांत ते नेहमीच्या पातळीवर उतरलं पाहिजे, नाही उतरलं तर पुढच्या वेळी थोडं कमी, बंद नाही. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या पेशंटला तर उलटंच सांगावं लागतं: पोटरी चांगली दुखेपर्यंत चाला, थांबा, उतरली की पुन्हा चाला. दुखण्यापर्यंत जाणं हाच उपचार आहे, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू आलं नाही तर तो पहिल्या कळेला घरी परतेल.

नैराश्याच्या पेशंटबरोबर मी सकाळचा वर्ग टाळतो. बऱ्याच जणांची सकाळ सगळ्यांत जड असते.

शेवटी, पेशंट समोर बसलेला असतानाच वर्गाला फोन लावा. "जाऊन चौकशी करा" आणि "मंगळवारी साडेपाचला तुमचं नाव घेतलंय, दारात ट्रेनर भेटतील" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या अनुभवात गळती कमी करणारी याहून स्वस्त युक्ती नाही.

चिठ्ठीत काय लिहायचं

"हलका व्यायाम करण्यास हरकत नाही." ही ओळ लिहिलेली चिठ्ठी ट्रेनरच्या काहीच कामाची नाही. हलका म्हणजे किती? घाबरलेला ट्रेनर मग पेशंटला कोपऱ्यात खुर्चीवर बसवून हात वर-खाली करायला लावतो. तीन महिने तेच.

चिठ्ठीत चार गोष्टी हव्यात: माणूस कोण आणि कशासाठी येतो आहे, किती व्यायाम, काय सांभाळायचं, आणि कधी थांबवून कोणाला कळवायचं. पेशंटला विचारून, त्याच्या संमतीनंच माहिती द्या, आणि व्यायामाशी संबंध आहे तेवढीच. जुन्या शस्त्रक्रियांचा सगळा इतिहास, मानसोपचाराच्या नोंदी, कौटुंबिक भानगडी ट्रेनरला कळायचं कारण नाही.

नमुन्यादाखल एक:

> वय ५८, स्त्री. टाइप-२ मधुमेह ९ वर्षं, उच्च रक्तदाब, दोन्ही गुडघ्यांची झीज. औषधं: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, मेटोप्रोलॉल, टेल्मिसार्टन. आजचं बीपी १३६/८४. पायांची संवेदना ठीक, डोळ्यांची तपासणी चार महिन्यांपूर्वी, ठीक. सध्याची हालचाल: आठवड्याला ४० मिनिटं चालणं. त्यांचं उद्दिष्ट: जमिनीवरून आधाराशिवाय उठणं.
>
> व्यायाम: आठवड्यातून ३ दिवस, दोन दिवसांहून जास्त खंड नको. १५ मिनिटांपासून सुरुवात, जमेल तसं आठवड्याला सुमारे ५ मिनिटं वाढवून ४० पर्यंत. जोर: बोलता येईल, गाता येणार नाही इतका. नाडीवरून ठरवू नये, मेटोप्रोलॉल (बीटा-ब्लॉकर) चालू आहे. यांपैकी २ दिवस मांड्या, नितंब, पाठ, खांदे यांचे ताकदीचे व्यायाम, १० ते १५ वेळा, श्वास न रोखता.
>
> सांभाळा: गुडघ्याचं दुखणं १० पैकी ५ पर्यंत चालेल. वर्गाआधी शुगर ९० च्या खाली असेल तर आधी कर्बोदकं. घाम, थरथर, गोंधळ दिसला तर थांबवून ग्लुकोज द्या. शेवटची १० मिनिटं हळूहळू उतरवा.
>
> थांबवा आणि लगेच कळवा: छातीत दाब किंवा दुखणं, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप. व्यायाम थांबवल्यावरही त्रास पाच मिनिटांत न उतरल्यास रुग्णवाहिका बोलवा, माझ्या फोनची वाट पाहू नका.
>
> ६ आणि १२ आठवड्यांनी हजेरी व नोंदी कळवाव्यात.

"दोन दिवसांहून जास्त खंड नको" ही ओळ मधुमेहात मुद्दाम घातली आहे. व्यायामानं इन्शुलिनचा परिणाम सुधारतो तो एक-दोन दिवसांत ओसरू लागतो. शनिवार-रविवारी भरपूर आणि आठवडाभर काही नाही, यानं शुगरला तेवढा फायदा मिळत नाही.

हाडं ठिसूळ असतील तर एक ओळ वाढवा: कमरेतून पुढे वाकून वजन उचलणं आणि पाठ झटक्यानं पिळणं नको, बाकी ताकदीचा आणि तोलाचा व्यायाम हवाच. ही ओळ नसेल तर पोटाचे व्यायाम म्हणून ट्रेनर नेमकं तेच करून घेईल.

कागदाची एक प्रत पेशंटच्या हातात द्या. स्वीडनमध्ये २००० नंतरच्या काळात रुजलेल्या लेखी व्यायाम-चिठ्ठीच्या पद्धतीत हाच भाग मला सगळ्यांत आवडतो: औषधासारखीच चिठ्ठी, पेशंटच्या नावानं, त्याच्याशी बोलून ठरवलेली. तिथे बरेच जण ती चिठ्ठी घेऊन वर्गाला न जाता स्वतःच चालतात. तेही चालतं. गटात मिसळायला ज्याला नकोसं वाटतं त्याच्यासाठी हा मार्ग मोकळा ठेवा, फक्त पाठपुरावा तेवढाच कडक ठेवा.

पहिला आठवडा

पहिल्या वर्गानंतर दोन दिवसांनी एक फोन. तुम्ही नाही तर तुमच्या दवाखान्यातलं कोणी. दोनच प्रश्न: गेलात का? अंग दुखतंय का? न वापरलेले स्नायू एक-दोन दिवसांनी दुखतात, हे आधी सांगितलं नसेल तर पेशंट समजतो की व्यायामानं अपाय केला, आणि तिथेच खेळ खलास. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते आपोआप उतरतं.

जमल्यास तुमच्याच जुन्या पेशंटपैकी कोणी, जो त्या वर्गात रुळला आहे, नव्याला दारात भेटू दे. दोघांचीही आधी परवानगी घ्या. "मलाही असंच वाटायचं" हे वाक्य त्याच्या तोंडून निघतं तेव्हा आपल्या दहा मिनिटांपेक्षा जास्त काम करतं.

मोजायचं काय

वजन काट्यावर फारसं हललं नाही म्हणून अर्धे लोक सोडून जातात. म्हणून पहिल्या दिवशीच दुसऱ्या मोजण्या घेऊन ठेवा. हात न टेकता खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं. सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं; फुप्फुसांच्या जुनाट आजारात सुमारे ३० मीटरची वाढ पेशंटला स्वतःला जाणवण्याइतकी समजतात. बीपी. आणि त्या दोन प्रश्नांचा गुणाकार. एचबीए१सी तीन महिन्यांनी, त्याआधी ते खरं चित्र दाखवणार नाही, कारण तांबड्या पेशींचं आयुष्यच सुमारे १२० दिवसांचं.

सहाव्या आठवड्याला औषधं पुन्हा बघा. शुगर वारंवार ७०च्या जवळ येत असेल तर ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिनचा डोस कमी करायची वेळ आली आहे. उभं राहताना गरगरत असेल तर बीपीच्या गोळ्यांचं तसंच. गोळी कमी झाली तो दिवस पेशंट विसरत नाही. मात्र हा निर्णय तुमचा. ट्रेनरनं "आता गोळीची गरज नाही" असं परस्पर सांगू नये, हे दोघांमध्ये आधीच स्पष्ट बोलून ठेवा.

बारावा आठवडा, म्हणजे कडा

बऱ्याच योजना दहा-बारा आठवड्यांच्या असतात. तेराव्या आठवड्यात पेशंट पुन्हा घरी, खुर्चीत. म्हणून नवव्या आठवड्यातच विचारायचं: "हे संपल्यावर काय?" तोच वर्ग स्वतःच्या खर्चानं, चालण्याचा गट, पोहणं, ताई ची, घरी रबरी पट्ट्यांवर व्यायाम आणि महिन्यातून एकदा ट्रेनरची भेट. काहीही, पण ठरलेलं. ब्रिटनमध्ये २०१८ पासून कित्येक दवाखाने शनिवारी सकाळी बागांमध्ये होणाऱ्या पार्करन या मोफत सामूहिक दौडीशी जोडले गेले आहेत. तिथे पळायची सक्ती नसते, चाललं तरी चालतं, आणि बारावा आठवडा असा काही प्रकारच नसतो. तुमच्या आसपास असं काही न संपणारं चालू असेल तर पेशंटला पहिल्यापासून त्याची ओळख करून द्या.

आणि जे मध्येच सोडतात त्यांचं? आजारपण, घरातलं कोणाचं दुखणं, बदललेली कामाची पाळी, वर्गात कोणी काही लागेल असं बोललं. कारणं साधी असतात. पुढच्या भेटीत रागावू नका, कारण विचारा. वेळ अडत असेल तर वेळ बदला, ट्रेनरशी जमत नसेल तर वर्ग बदला. मोठ्या आजारपणानंतर परत येणाऱ्याला जिथे सोडलं तिथून सुरू करायला लावू नका. साधारण निम्म्यापासून सुरू करू द्या आणि नवीन चिठ्ठी लिहा, आजच्या तारखेची, आजच्या बीपीची. जुनीच चिठ्ठी पुन्हा दिली तर ट्रेनर जुन्याच जोरानं सुरू करेल.